साठवणीच्या कंटेनरची झडती

आजची मोठी ऑनलाइन सेवा सहसा एकाच सर्व्हरवर चालत नाही. तिचे भाग अनेक सर्व्हरांच्या समूहावर, म्हणजे क्लस्टरवर, विखुरलेले असतात आणि प्रत्येक भाग आपापल्या कंटेनरमध्ये चालतो. प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या साऱ्या फायली एकत्र बांधल्या की कंटेनर इमेज तयार होते. हा पसारा सांभाळणारी कुबरनेटिस ही प्रणाली गूगलने २०१४ मध्ये खुली केली. तिच्यात एक कंटेनर बंद पडला की दुसरा उभा राहतो. खातेदारांच्या नोंदी मात्र अशा येऊन-जाऊन चालत नाहीत. त्या टिकवण्याचे काम लाँगहॉर्न, रूक, ओपनईबीएस यांसारखी स्टोरेज सॉफ्टवेअर करतात, आणि तीही कंटेनरमध्येच चालतात.

कंटेनरची सुरक्षितता मुख्यतः एका गोष्टीवर उभी आहे: आतल्या प्रोग्रॅमला बाहेरच्या सर्व्हरला हात लावता येऊ नये. स्टोरेजला हा नियम पाळता येत नाही. डिस्क जोडणे, तिच्यावर फाइल सिस्टिम बसवणे, ती इतर कंटेनरांना दिसेल अशी माउंट करणे, हे सारे सर्व्हरवरच घडते. म्हणून प्रत्येक सर्व्हरवरच्या स्टोरेज कंटेनरला ‘प्रिव्हिलेज्ड’ दर्जा द्यावा लागतो. सोसायटीच्या रखवालदाराकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या दिल्यासारखाच हा प्रकार. अधिकार कमी करता येत नसतील, तर ते बाळगणाऱ्या इमेजमध्ये काय काय भरले आहे याची झडती इथे सर्वांत आधी घ्यायला हवी, असे माझे म्हणणे आहे. ‘हार्डन्ड’ इमेज म्हणजे अशी झडती झालेली इमेज. तिच्यात गरजेपुरत्याच फायली ठेवतात, शक्यतो शेल (आज्ञा टाइप करण्याचे साधन) आणि पॅकेज मॅनेजर (नवे सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन) ठेवत नाहीत, दोष सापडला की ती नव्याने बांधतात, आणि घटकांची यादी व डिजिटल सही सोबत देतात.

जाणकारांचा पहिला आक्षेप असा, की ज्या कंटेनरला सर्व्हरचे दार आधीच उघडे आहे, त्यातले शेल काढून काय मिळणार? आक्षेपात तथ्य आहे. हल्लेखोर एकदा आत शिरला की हार्डन्ड इमेज त्याला फार काळ अडवू शकत नाही. पण आत शिरायला त्याला फट लागते, आणि कोणी कधी न वापरलेली लायब्ररी हीसुद्धा अशी फट होऊ शकते. अर्थात स्टोरेजची इमेज अगदी रिकामी करता येत नाही. एक्सटी४ आणि एक्सएफएस फाइल सिस्टिमची साधने तिला लागतातच. कुबरनेटिसचे स्टोरेजसाठीचे छोटे साहाय्यक कंटेनर मात्र आधीपासूनच ‘डिस्ट्रोलेस’, म्हणजे शेल आणि पॅकेज मॅनेजर नसलेल्या, पायावर बांधले जातात. म्हणजे खरी मेहनत उरते ती प्रत्यक्ष डेटा हाताळणाऱ्या जड इमेजवर.

शेलच नसेल तर मध्यरात्री बिघाड शोधायचा कसा, ही तक्रार पूर्वी रास्त होती. चालत्या पॉडला, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाला, तात्पुरता तपासणी-कंटेनर जोडण्याची सोय कुबरनेटिसच्या १.२५ या आवृत्तीत, २०२२ मध्ये, पक्की झाली, तेव्हापासून त्या तक्रारीचा जोर ओसरला आहे. दुसरी शंका मला अधिक गंभीर वाटते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेले चोरदार उघडकीला आले. ते नव्या आवृत्त्यांत होते. डेबियन लिनक्सची स्थिर आवृत्ती त्यातून सुटली. मग सतत ताजी होणारी इमेज विषही आधी गिळणार नाही का? गिळू शकते. म्हणूनच ‘शून्य दोष’ हा स्कॅनरचा आकडा पाहून खरेदी करणे मला भाबडेपणाचे वाटते. स्कॅनर फक्त माहीत असलेले दोष मोजतो. इमेजमध्ये घटक मुळातच कमी असतील, तर ज्यांच्यावर आंधळा विश्वास टाकावा लागतो त्यांची संख्याही कमी होते.

इमेज बदलणेही इथे जपून करावे लागते. वेबसाइटचा कंटेनर बदलला तर दुसरा लगेच त्याची जागा घेतो. पण लाँगहॉर्नमध्ये डेटाची ये-जा सांभाळणारे इंजिन चालवणारा पॉड अवेळी गेला तर त्यावर विसंबलेल्या व्हॉल्यूमचे, म्हणजे आभासी डिस्कचे, लिहिणे-वाचणे थांबते. त्यामुळे नवी इमेज आधी चाचणीच्या क्लस्टरवर चालवावी, डेटाच्या प्रती शाबूत आहेत आणि बॅकअपमधून डेटा खरोखर परत येतो हे पाहावे, आणि मग एकेका सर्व्हरवर ती बसवावी.