तारखेची आगगाडी

आपल्या देशातल्या कोर्टांत आजघडीला पाच कोटींहून जास्त खटले पडून आहेत. पाच कोटी! तोंडातून सहज निघतं, डोक्यात काही मावत नाही. चला, मांडून बघू.

एका खटल्याची फाइल एक सेंटिमीटर जाड धरा. बीडच्या कोर्टात वाटणीच्या दाव्याचं दप्तर पाहिलेला माणूस इथंच हसेल. सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा, जबाब असं करत ते उशीएवढं फुगतं. तरी एकच सेंटिमीटर. पाच कोटी फायलींची चळत झाली ५०० किलोमीटर! अंतराळ स्थानक फिरतं ४०० किलोमीटरवर, म्हणजे आपली दप्तरं बघायला अंतराळवीरांना मान वर करावी लागेल. तीच चळत आडवी करा. मुंबई-पुण्याच्या रस्त्याच्या तीन खेपा होऊन वर पन्नास किलोमीटर उरतात.

आता माणसं. वादी एक, प्रतिवादी एक. झाले दहा कोटी. २०११ च्या जनगणनेत आख्खा बीड जिल्हा २५ लाख ८५ हजारांचा. असे अडतीस बीड कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट बघत उभे!

बसवा सगळ्यांना रेल्वेत. चोवीस डब्यांच्या गाडीत दीड हजार माणसं कोंबली, तरी ६६ हजारांवर गाड्या लागतात. एक गाडी साधारण ६०० मीटर लांब. सगळ्या एकामागे एक जोडा: ४० हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर तेवढाच! पहिल्या गाडीचं इंजिन शेवटच्या गाडीच्या गार्डाच्या डब्याला जाऊन टेकलं.

आणि पैसा? एसटीचं भाडं, झेरॉक्स, चहा, बुडालेली मजुरी धरून माणशी ५०० रुपये. वकिलाची फी वेगळी. (सरकार पक्षकार असलं तरी खिसा आपलाच.) एका तारखेचे झाले पाच हजार कोटी! अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गाचा खर्च जवळपास एवढाच. तो मंजूर झाला १९९५ साली, बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षं ज्या रेल्वेची वाट बघितली, ती एका तारखेत उडाली. आणि तारीख काय, पुढच्या महिन्यात पुन्हा पडतेच.

हे संपणार कधी? २०१८ साली नीती आयोगानं हिशेब मांडला होता: त्या वेगानं ३२४ वर्षं. २०१८ पासून तेवढं मागं गेलात तर १६९४ साल लागतं. राजाराम महाराज जिंजीत आहेत, औरंगजेब दख्खनेत तळ ठोकून आहे! बरं, हा हिशेब २ कोटी ९० लाख खटल्यांचा होता.

एवढं तुंबलं म्हणून कायदे वाईट आहेत असं मला वाटत नाही. खुर्च्या कमी आहेत, खरं दुखणं हेच. विधी आयोगानं १९८७ सालीच दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश मागितले होते. त्या मापानं बीडला १२९ हवेत. देशाची सरासरी मंजूर पदं धरूनही जेमतेम वीस-बावीस.