‘वयच झालंय’ हे निदान नव्हे

नोव्हेंबर 2021. ठाणे जिल्ह्यात खडवलीजवळच्या सोरगाव इथल्या मातोश्री वृद्धाश्रमात आधी काहींची प्रकृती बिघडली. चाचण्या झाल्या तेव्हा साठहून अधिक आजी-आजोबा कोरोनाबाधित निघाले. त्यांतल्या बहुतेकांचे लशीचे दोन्ही डोस झालेले होते. लशीमुळे गंभीर आजाराचा धोका कमी होतो, पण लस घेतलेल्यालाही लागण होऊ शकते. म्हणून ‘डोस झालेत, साधी सर्दी असेल’ असं म्हणून थांबायचं नसतं.

ठाणे, कल्याण-डोंबिवली, टिटवाळा, बदलापूर या पट्ट्यातल्या वृद्धाश्रमांत आईवडील असलेल्या कुटुंबांकडून आणि तिथल्या मावशींकडूनही अशाच काही समजुती वारंवार ऐकू येतात. त्यातली सगळ्यात घातक ही:

‘आजी बरळतायत, झोपूनच आहेत. वयाचंच आहे.’

वयामुळे माणूस एका रात्रीत बदलत नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. काल पेपर वाचणाऱ्या आजींना आज मुलीचं नाव आठवत नसेल, तर शरीरात काहीतरी बिघडलंय. डॉक्टर याला ‘डेलिरियम’ म्हणतात. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, बद्धकोष्ठता, नुकतंच सुरू केलेलं झोपेचं औषध, यांपैकी काहीही कारण असू शकतं. आरडाओरडा करणाऱ्याकडे निदान लक्ष तरी जातं. गप्प पडून राहणारा, जेवण नको म्हणणारा रुग्ण मात्र ‘आज शांत आहेत’ म्हणून सुटून जातो, आणि डेलिरियमचा हा शांत प्रकार म्हाताऱ्या माणसांत बराच आढळतो. कारण वेळेत सापडलं तर बरेच जण पुन्हा सावरतात. मधुमेही असतील तर आधी साखर तपासा. ती 70 च्या खाली असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या.

अशा वेळी सगळ्यात मोलाची माहिती रोज अंघोळ घालणाऱ्या मावशीकडे असते. ‘आज त्या नेहमीसारख्या नाहीत’ हे तिचं वाक्य वहीत वेळेसकट लिहिलं गेलं पाहिजे आणि डॉक्टरांपर्यंत पोचलं पाहिजे. तिला ‘तुला काय कळतं’ म्हणून गप्प करणाऱ्या संस्थेत माझ्या घरचं माणूस मी ठेवणार नाही.

‘ताप नाही, म्हणजे संसर्ग नाही.’ उतारवयात ताप चढतोच असं नाही. नेहमीचं तापमान 97 असणाऱ्याला 99 सुद्धा ताप असू शकतो. त्यासाठी बरं असतानाचं तापमान, रक्तदाब आणि वजन आधीपासून नोंदलेलं हवं.

‘पडले, पण उठून चालले. काही झालं नाही.’ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि डोक्याला मार लागला असेल, तर लगेच रुग्णालयात न्या. मेंदूभोवतीचा रक्तस्राव काही वेळा दिवसांनी, आठवड्यांनीही जाणवतो.

‘तोंड वाकडं झालंय, सकाळी डॉक्टर येतीलच.’ हा पक्षाघात असू शकतो, आणि त्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. हे तास रुग्ण शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. इंजेक्शनआधी सीटी स्कॅन हवा, आणि कल्याण-शिळ रस्त्यावरची कोंडी त्याच वेळेतून वजा होते. 108 ची रुग्णवाहिका मोफत आहे. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं.

‘मुलाची सही नाही, कसं हलवणार?’ मुलगा अमेरिकेत, फोन लागत नाही, म्हणून रात्र वाया जाते. रुग्ण शुद्धीवर आणि समजून निर्णय घेण्याच्या स्थितीत असेल, तर संमती त्याची स्वतःची. जीव धोक्यात असेल तर नातेवाइकाची वाट पाहत उपचार थांबवायचे नसतात. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच म्हटलं आहे की जीव वाचवणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे. तरीही प्रवेशाच्या दिवशीच कुटुंबाने लेखी कळवून ठेवावं: आमच्याशी संपर्क झाला नाही तरी हलवा. सोबत चालू औषधांची यादी, ॲलर्जी, जवळ राहणाऱ्या एका नातेवाइकाचा नंबर आणि सत्तरी ओलांडली असेल तर सरकारी आरोग्य योजनेच्या आयुष्मान वय वंदना कार्डाची प्रत, सगळं एकाच फाइलमध्ये द्यावं.

आणि वृद्धाश्रम म्हणजे रुग्णालय नव्हे. आठवड्याला डॉक्टर येतात तेवढ्यावर समाधान मानू नका. रात्री दोन वाजता कोण जागं असतं आणि ते कुणाला फोन करतात, हे प्रवेश घेण्यापूर्वी विचारा.