मटण की कोंबडी? ताटातल्या फोडीचा हिशोब

आपल्या कार्यक्रमाच्या फोनवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "तपासणीत रक्त कमी आहे म्हणाले. आता मटण खाऊ की कोंबडी? ताकद कशात जास्त?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर आपण नीट समजून घेऊ. ज्यांच्या घरी मांसाहार चालत नाही, त्यांनीही शेवटपर्यंत ऐका. तुमच्या कामाचंही यात आहे.

प्रश्न लहान नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे दहा जणींचा बचत गट बसला, तर त्यातल्या पाच-सहा जणी. कळशी उचलली की धाप लागते, खुरपताना डोळ्यांपुढे अंधारी येते, सकाळी उठतानाच अंग मोडून आलेलं असतं. आपण म्हणतो, कामाने होतं. पण पुष्कळदा ते रक्तातलं लोह कमी झाल्यामुळे होत असतं.

आता तुलना करू. आधी प्रथिनं बघू, म्हणजे अंग भरून काढणारा भाग. कच्चं, हाडाशिवायचं १०० ग्रॅम बकऱ्याचं मटण घेतलं, तर त्यात साधारण २० ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच कोंबडीतही २० ते २३ ग्रॅम असतात. म्हणजे इथे दोघं सारखेच. "कोंबडीत काही दम नाही" असं आपल्याकडे म्हणतात, ते प्रथिनांच्या बाबतीत खरं नाही. बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. कोंबडीने ती भरून निघायला चांगली मदत होते, आणि खर्चही कमी. आपल्या बाजारात एक किलो मटणाच्या पैशात साधारण तीन किलो कोंबडी येते.

चरबीचं गणित थोडं वेगळं आहे. कातडी काढलेल्या कोंबडीच्या छातीच्या मांसात १०० ग्रॅमला दोन-तीन ग्रॅम चरबी असते, तंगडीत चारेक ग्रॅम. कातडीसकट घेतली तर हा आकडा १५ ग्रॅमच्या आसपास जातो. मटणाचं लाल मांस तसं कमी चरबीचंच असतं, पण त्याला चिकटलेली पांढरी चरबी आपण रश्श्यात सोडली की हिशोब बदलतो. ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा त्रास आहे, त्यांनी ती काढून टाकावी.

खरा फरक लोहात आहे. १०० ग्रॅम मटणात दोन ते तीन मिलिग्रॅम लोह असतं. कोंबडीच्या तंगडीत एक मिलिग्रॅमच्या आसपास आणि छातीच्या पांढऱ्या मांसात त्याहूनही कमी. ओळखायची खूण सोपी आहे, ती म्हणजे मांसाचा रंग. जो स्नायू सतत कामात असतो, त्यात प्राणवायू साठवणारा एक लाल पदार्थ जास्त असतो, आणि त्या पदार्थात लोह असतं. बकरी दिवसभर डोंगर चढते, तिचं मांस लाल. कोंबडी पायाने चालते, पण फारशी उडत नाही. म्हणून तिची तंगडी गडद आणि छाती पांढरी. परदेशात हरणाचं आणि टर्कीचं मांस खातात, तिथेही हाच नियम लागू पडतो. प्रथिनं जवळपास सारखी, पण लोह पळणाऱ्या हरणात टर्कीच्या तिपटीहून जास्त.

हरणाचं नाव निघालंच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जंगलाजवळच्या काही गावांत अजून म्हणतात, शिकारीचं मटण बाळंतिणीला ताकदीचं. त्या ताकदीच्या नादी लागू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. हरीण, सांबर, चितळ मारणं आणि त्यांचं मांस घरात ठेवणं, दोन्ही गुन्हे आहेत आणि त्याला कैद होते. जे लोह त्यात आहे, ते कायद्याने आणि कमी पैशात मिळवायच्या वाटा आपल्याकडे आहेत.

त्यातली सगळ्यात स्वस्त वाट कोंबडीच्या दुकानातच आहे. कलेजी-पेटा म्हणून जे कमी भावात मिळतं, त्यातली कलेजी घ्या. १०० ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत नऊ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, म्हणजे मटणाच्या तिप्पट. शिवाय रक्त तयार व्हायला लागणारं फोलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व भरपूर. आठवड्यातून एकदा, माणशी ५० ग्रॅम पुरे. मात्र गरोदर बाईला कलेजी देऊ नका. तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते जास्त झालं तर पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. गरोदरपणी मटण, कोंबडी, अंडी चांगली शिजवून द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोह आहे कुठे? फोडीत. रश्श्यात नव्हे. मटण शिजताना रश्श्यात उतरते ती मुख्यतः चव, मीठ-मसाला आणि चरबी. बहुतेक प्रथिनं आणि लोह फोडीतच राहतं. आणि आपल्या घरांत फोडी कुणाच्या ताटात पडतात, ते आपल्याला माहीत आहे. आधी पुरुषमंडळी, मग पाहुणे, मग मुलं. शेवटी बाई पातेलं पुसून रस्सा-भाकरी खाते आणि म्हणते, "मला रस्साच आवडतो."

राष्ट्रीय पोषण संस्थेने ठरवलेली गरज बघा. पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि पाळी येणाऱ्या बाईला २९ मिलिग्रॅम. दर महिन्याला तिच्या अंगातून रक्त जातं, म्हणून तिची गरज जास्त. ज्याची गरज कमी त्याला फोडी आणि जिची जास्त तिला रस्सा, असा हा आपला उलटा हिशोब. पाच माणसांत अर्धा किलो मटण आणलं, तर हाडं वजा जाता माणशी ६०-७० ग्रॅम येतं. तेवढं बाईच्या ताटात पडायलाच हवं. आम्ही एक साधी रीत सुचवतो. वाढायला घेण्याआधी, पातेलं चुलीवरून उतरवलं की घरातल्या सगळ्या बायकांच्या आणि मुलींच्या फोडी एका वाडग्यात काढून झाकून ठेवा. मग पंगत बसू द्या. भांडण नाही, मागणं नाही. सासूबाईंनी हे काम हाती घेतलं तर आणखी चांगलं.

पण एकट्या मटणाने रक्त भरून येत नाही, हेही ध्यानात ठेवा. २९ मिलिग्रॅमच्या गरजेपुढे फोडीतले दोन-तीन मिलिग्रॅम थोडेच आहेत. त्यांचं मोल असं, की मांसातलं लोह भाजी-धान्यातल्या लोहापेक्षा अंगाला जास्त लागतं, आणि सोबत खाल्लेल्या भाकरी-डाळीतलं लोहही अंगी लागायला मदत करतं. लिंबानेही तेच होतं. म्हणून शाकाहारी मैत्रिणींनो, मटकीची उसळ, हरभरा, पालेभाजी यांवर लिंबू पिळाच. अळिवाची खीर किंवा लाडू फक्त बाळंतिणीचा समजू नका. आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. मध्ये तास-दोन तास जाऊ द्या.

रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. तेव्हा ताटासोबत गोळीही लागते. लोहाच्या लाल गोळ्या आशाताईंकडे आणि उपकेंद्रात फुकट मिळतात. गरोदरपणी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शौचाला काळी होते, मळमळतं, म्हणून कित्येक जणी त्या डब्यात ठेवून देतात. काळं होण्यात काही धोका नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या. तरी त्रास राहिला तर आशाताईंना सांगा, पण आपल्या मनाने बंद करू नका.

गटाच्या पुढच्या मीटिंगला बचतीची वही उघडण्याआधी एकमेकींना एवढंच विचारा, "मागच्या वेळी घरी मटण झालं, तेव्हा तुझ्या ताटात फोडी किती होत्या?" उत्तर काय येतं, ते आम्हाला फोन करून जरूर सांगा.