दुपारचा ग्रॅमी

२०२४च्या फेब्रुवारीत झाकीर हुसेन यांना एकाच दिवशी तीन ग्रॅमी मिळाले आणि संपादकांचा फोन आला. ‘ग्रॅमीचा इतिहास द्या. विजेत्यांची यादी नको, ती लोक मोबाइलवर बघतात.’ हो म्हणालो. यादी टाळायची म्हणून ट्रॉफीचे फोटो बघत बसलो आणि तिथेच अडकलो.

ट्रॉफी म्हणजे छोटा सोनेरी फोनो. खाली चौकोनी पेटी, तिच्यावर तबकडी, फुलासारखा उघडलेला कर्णा आणि या दोघांना जोडणारा बारीक दांडा. दांड्याच्या टोकाला सुई असते. आमच्या आजोबांकडे अस्सल मोठा फोनो होता. पुढे त्याचा कर्णा माळ्यावर गेला आणि पेटीत आजीने शिवणकामाचं सामान भरलं. दांडा मात्र मला धड असा कधी आठवतच नाही. तो कायम काळ्या चिकटपट्टीने बांधलेला.

म्हणून ट्रॉफीचा फोटो घेऊन मी मुंबईत चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर गेलो. तिथे एक चाचा जुने फोनो दुरुस्त करतात. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोबाइल डोळ्यांशी धरला आणि नखाने नेमका दांड्याचा कोपरा दाखवला. ‘ये इधर से टूटेगा.’ मग टेबलाखालचा डबा ओढून त्यातले तुटके दांडे माझ्यापुढे ओतले. जस्ताच्या स्वस्त ओतकामात शिसं मिसळलं गेलं की वर्षानुवर्षांनी धातू आतून फुगतो आणि तडकतो. एक दांडा त्यांनी नुसता चिमटीत दाबला. बिस्किटासारखा भुगा झाला. ‘बजता है क्या ये?’ त्यांनी फोटोकडे बोट करून विचारलं. नाही, ही फक्त शोभेची, असं मी सांगितल्यावर त्यांचा त्या फोटोतला रस संपला.

चाचांनी पाच सेकंदांत ओळखलेलं दुखणं अमेरिकेत तीसेक वर्षं चाललं होतं. ट्रॉफीचे पहिले साचे लॉस एंजेलिसच्या बॉब ग्रेव्हज यांचे. जॉन बिलिंग्ज लहानपणी त्यांच्या शेजारी राहायचे. सत्तरच्या दशकात ते त्यांच्याच हाताखाली काम शिकले आणि १९८३ साली ग्रेव्हज वारल्यावर ग्रॅमीचं काम बिलिंग्ज यांच्याकडे आलं. पुढे ते कोलोरॅडोतल्या रिजवे या डोंगराळ गावी राहायला गेले. जुना धातू मऊ होता, नाजूक दांडे मोडायचे, मोडलेल्या ट्रॉफ्या दुरुस्तीला परत यायच्या. १९९०च्या सुमारास त्यांनी ट्रॉफी सुमारे तीस टक्के मोठी केली, दांडा भक्कम केला आणि जस्ताचं स्वतःचं एक मिश्रण वापरायला घेतलं. त्याचं नाव ‘ग्रॅमियम’. धातू वितळवून साच्यात ओतायचा, सुटे भाग कानशीने घासायचे, चकाकी आणायची, सोन्याचा मुलामा द्यायचा, मग हाताने जुळणी. इतकं करूनही २०१० साली टेलर स्विफ्टच्या हातून मंचामागे एक पडली आणि मोडली!

मला सगळ्यात गंमत वाटली ती पुढची. विजेता मंचावर जी ट्रॉफी उंचावतो, तिच्यावर कुणाचंही नाव नसतं. निकाल आधी फुटू नयेत म्हणून नावाच्या पट्ट्या सोहळ्यानंतरच कोरल्या जातात. मंचावरच्या त्या मोजक्या ट्रॉफ्या नुसत्या दाखवायच्या. भाषण झालं, फोटो निघाले की त्या परत घेतात आणि खरी ट्रॉफी नंतर घरपोच येते. आपल्याकडे लग्नात हॉलवाल्याचं सिंहासन असतं, तसं.

आता इतिहास, थोडक्यात. हॉलिवूडच्या फुटपाथवर नावाचे तारे बसवायचं ठरलं, तेव्हा रेकॉर्ड कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना संगीतातली नावं सुचवायला सांगितलं. यादी करताना त्यांच्या लक्षात आलं, की चांगली कितीतरी माणसं ताऱ्यांच्या निकषात बसतच नाहीत. त्यातून १९५७ साली ग्रॅमी देणारी अकादमी निघाली आणि ४ मे १९५९ला पहिला सोहळा झाला. तोही दोन ठिकाणी एकदम, बेव्हर्ली हिल्स आणि न्यूयॉर्क इथल्या हॉटेलांत. पुरस्कार २८. त्या वर्षीची सर्वोत्तम रेकॉर्ड ठरली इटालियन गायक दोमेनिको मोदुन्यो यांची. फ्रँक सिनात्रांना त्या सोहळ्यात एकच ग्रॅमी मिळाला, तोही अल्बमच्या वेष्टनासाठी. टीव्हीवर सोहळा थेट दिसू लागला १९७१पासून.

थोडक्यात, फुटपाथवर जागा न मिळणाऱ्यांसाठी उभी राहिलेली ही संस्था. पण कुणाला कुठे बसवायचं, हा घोळ तिच्याही मागे लागला. रविशंकर आणि येहुदी मेन्युहिन यांच्या ‘वेस्ट मीट्स ईस्ट’ला १९६८ साली ग्रॅमी मिळाला, तो चेंबर म्युझिकच्या गटात. सतारीला बसवायला दुसरा कप्पाच नव्हता. ‘वर्ल्ड म्युझिक’चा कप्पा उघडला १९९२ साली. त्यात पहिला मान मिकी हार्टच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला मिळाला, ज्यात झाकीर यांचा तबला होता आणि विक्कू विनायकराम यांचा घटम. दोन वर्षांनी विश्वमोहन भट्ट. म्हणजे अमेरिका सोडून उरलेलं सगळं जग एका कप्प्यात. या नावाला वासाहतिक वास येतो, हे अकादमीने २०२०मध्ये मान्य केलं आणि ‘वर्ल्ड’चं ‘ग्लोबल’ केलं. मला विचाराल तर पाटी बदलली, खोली तीच.

कप्पे वाढत वाढत १०९ झाले. २०११मध्ये अकादमीने कात्री चालवून ७८वर आणले, तेव्हा लॅटिन जॅझचा कप्पाही गेला. संगीतकार कोर्टात गेले, रस्त्यावर आले. वर्षभरात तो कप्पा परत मिळाला. २०२०मध्ये गाजलेल्या अल्बमनंतरही गायक द वीकेंडला एकही नामांकन मिळालं नाही. तेव्हा बाहेर चर्चा सुरू झाली, की बऱ्याच गटांत सभासदांच्या मतांवर निनावी समित्या हात फिरवतात. पुढच्या वर्षी त्या बरखास्त झाल्या.

झाकीर यांच्या तीन ग्रॅमींच्याच दिवशी, रात्रीच्या मुख्य सोहळ्यात रॅपर जे-झी यांनी मंचावरून अकादमीला सुनावलं: पत्नी बियॉन्सेकडे सर्वांत जास्त ग्रॅमी आहेत, पण वर्षाचा सर्वोत्तम अल्बम तिला कधीच नाही. तो तिला पुढच्या वर्षी मिळाला.

मुख्य सोहळा म्हणालो, कारण सोहळे दोन असतात. आता पुन्हा शेकड्याला टेकलेल्या पुरस्कारांपैकी बहुतेक दुपारीच दुसऱ्या सभागृहात भराभर उरकले जातात. ते इंटरनेटवर दिसतात. टीव्हीच्या रात्रीला उरतात दहा-बारा. ‘शक्ती’ या बँडच्या ‘धिस मोमेंट’ अल्बमचा पुरस्कार घ्यायला शंकर महादेवन, झाकीर, गणेश राजगोपालन आणि सेल्वगणेश मंचावर आले ते दुपारीच. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. सकाळी मराठी वाहिन्यांनी ‘ग्रॅमीच्या मंचावर भारताचा डंका’ म्हणून जे दाखवलं, ते अमेरिकेच्या टीव्हीने दाखवलंच नव्हतं. चेंबूरला वाढलेल्या शंकर महादेवन यांना यात कमीपणा वाटला असेल असं मला वाटत नाही. चित्रफितीत चौघं हसून एकमेकांच्या पाठीवर थापा मारताहेत. मीच ती बघताना खाली कोपऱ्यात दर्शकांचा आकडा शोधत होतो.

लेख महिनोन्‌महिने लांबत गेला. १५ डिसेंबर २०२४ला सॅन फ्रान्सिस्कोत झाकीर गेले. फेब्रुवारीत पुढचा सोहळा आला, आणि या वेळी रात्रीचा भाग मी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी उठून पाहिला. वर्षभरात गेलेल्या कलावंतांना श्रद्धांजली वाहणारी चित्रफीत असते, त्यासाठी. नावं सरकत गेली. मी चहा बाजूला ठेवून थांबलो. चित्रफीत संपली. झाकीर हुसेन हे नाव त्यात नव्हतं.