औंधच्या मुलखातील खेळ आणि हलके वाचन

यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर दुपारभर चिंचोक्यांनी खेळणारे पोर आपल्या डावात जितके रंगून जाते, तितकेच ते दिवेलागणीनंतर हाती आलेल्या मासिकातील गोष्टीत रंगते; ही रंगत दोन्हीकडे एकाच जातीची असून हलके वाचन हा बसल्या जागी चाललेला खेळच होय, असे औंधात गेलेल्या बाळपणापासूनचे माझे मत आहे, आणि अशा वाचनास कालापव्यय म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांशी माझे मन कधीही जुळले नाही.

औंध संस्थानचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले, आणि का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तोही त्याच वर्षी. संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे करणारे राजेसाहेब शिस्तीचे खरे. परंतु ते चित्रकार होते, कीर्तनकार होते, आणि १९१६ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे चित्ररामायण पाहताना अक्षरओळख नसलेले मूलदेखील नुसती पाने उलटीत वनवासापासून लंकेपर्यंत पोहोचू शके.

याच संस्थानच्या हद्दीत, कुंडलजवळच्या ओसाड माळावर, बाळासाहेबांच्या आश्रयाने १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांचा कारखाना उभा राहिला. जेथे लोखंडी नांगर घडत होते, तेथून १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे कारखान्याचे पत्र सुरू केले; त्याचे पुढे सर्वांनी वाचावे असे मासिक झाले, त्यास १९३० साली 'स्त्री'ची आणि १९३४ साली 'मनोहर'ची जोड मिळाली, आणि ज्या घरांत पोथी व पंचांग यांखेरीज छापील कागद क्वचितच येई, तेथे कथा, व्यंगचित्रे व विनोद टपालाने येऊ लागले. संस्थानच्या साऱ्या दप्तरात मला या घटनेहून मोलाचे काही दिसत नाही.

त्या काळच्या वाचनापैकी नाथमाधवांच्या 'वीरधवल'ने माझी झोप उडविली; बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी श्वास रोखून धरावयास लाविले; तरीही माझे खरे प्रेम जडले ते ना. धों. ताम्हनकरांच्या 'गोट्या'वर, कारण त्यात मुलाकडे मुलाच्याच उंचीवरून पाहिले आहे. शिक्षणासाठी औंधास येऊन राहिलेल्या साने गुरुजींनी आणि ग. दि. माडगूळकरांनी पुढे जे लिहिले, त्यातील बालमनाविषयीचा जिव्हाळा वाचताना, ही मुलेही याच डोंगराखाली विटीदांडू खेळली असतील, या विचाराने मला आजही भरून येते.

दिवाळीत आम्ही अंगणात मातीचा किल्ला करीत असू, उतारावर अळीव पेरीत असू. एका वर्षी कोणीतरी आणून दिलेल्या जुन्या अंकाची शेवटची पाने गहाळ निघाली आणि कथानायक शत्रूच्या तळघरातच अडकून राहिला. रात्रभर तळमळून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी काडीने भुयार कोरले, आणि मातीच्या दोन मावळ्यांकरवी त्यास बाहेर काढले.