पित्त की आम्ल?

सातारा-सांगलीकडे छातीत जळजळलं, आंबट ढेकर आला की ‘पित्त झालं’ म्हणतात. वर्गात मात्र आपण शिकवतो, की पित्तरस यकृतात तयार होतो आणि तो आम्लारीधर्मी असतो. मग मुलांनी खरं काय मानायचं? घरातला ‘पित्त’ हा शब्द आयुर्वेदातून आलेला, त्याचा अर्थ निराळा आणि बराच व्यापक.

घशाशी येतं ते बहुधा जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याचा सामू १.५ ते ३. जठराच्या अस्तरावर ते सोसणारा बुळबुळीत थर असतो, अन्ननलिकेत तसा नसतो. दोहोंच्या सांध्यावरचं स्नायूंचं कडं अवेळी सैल पडलं, की आम्ल वर चढतं. म्हणजे आम्ल जास्त झालेलं असतंच असं नाही. ते नको तिथे पोचलेलं असतं. दोष मात्र सगळा ठेच्याला! खरं तर भरपेट जेवून लगेच भांगलायला वाकलं किंवा आडवं झालं, तरी जळजळतं.

आम्ही सुचवू ते साधंच आहे. जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकावं, डाव्या कुशीवर झोपावं, पलंगाचं उशाकडचं टोक विटांवर वीतभर उचलावं. तंबाखू सोडावी.

खायच्या सोड्याने आम्ल मारलं जातं, घटकाभर बरं वाटतं. पण प्रयोगशाळेत फसफसतो तोच कार्बन डायऑक्साइड पोटही फुगवतो. शिवाय त्यातलं सोडियम रक्तदाबाच्या रुग्णाला बाधतं.

घास अडकत असेल, वजन घटत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे सरकली, दरदरून घाम फुटला, तर ‘पित्तच असेल’ म्हणत सोडा पीत बसू नये. तडक दवाखाना गाठावा.