पाण्यातील बेडकाचे दुखणे आणि ते ओळखण्याची भाषा

दुखणे ओळखण्याची क्रिया पुष्कळ अंशी शब्दांवर अवलंबून असते. ज्या लक्षणाला नाव आहे ते चटकन दिसते. ज्याला नाव नाही ते डोळ्यांसमोर असूनही निसटते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे १९७५ नंतर पाणलोटाची कामे झाली, चारा वाढला आणि दुधाचा धंदाही वाढला. अशा गावात गुराच्या आजारासाठी शब्दांचा भरपूर साठा असतो. ‘लाळ्या-खुरकूत’ हे नावच दोन लक्षणे एका दमात सांगते. घटसर्पात घसा सुजतो, फऱ्यात मांडीचा वा खांद्याचा भाग सुजून जनावर लंगडते; आणि ‘रवंथ सोडली’ एवढे दोन शब्द कानी पडले तरी घरधनी गोठ्याकडे धावतो. बेडकाच्या वाट्याला मात्र मराठीत यांपैकी काहीच आलेले नाही. शेतकरी बेडकाला ओळखतो तो बहुधा आवाजावरून. आणि तो आवाज पावसाविषयी बोलतो, बेडकाच्या प्रकृतीविषयी नव्हे.

काचेच्या टाकीत पाळले जाणारे पाणबेडूक मुख्यतः दोन असून दोन्ही मूळचे आफ्रिकेतील आहेत. एक झेनोपस, म्हणजे मागच्या पायाच्या तीन बोटांना काळी नखे असलेला बेडूक. दुसरा हायमेनोकिरस हा बोटभर लांबीचा खुजा बेडूक. झेनोपस १९३० नंतरच्या काळात गर्भचाचणीसाठी देशोदेशींच्या प्रयोगशाळांत नेला गेला व त्याचा प्रसार झाला. त्याला जीभ नसते, गळ्याची फुगणारी पिशवीही नसते. त्याचा आवाज पाण्याखालच्या टिकटिकीसारखा असतो. सबब राळेगणच्या शेतकऱ्याचा कान येथे उपयोगी पडत नाही. उरते ती दृष्टी, आणि दृष्टीला वाट दाखविणारे शब्द दुसरीकडून उसने आणलेले असतात. घोटाळा नेमका तेथे होतो.

‘बुळबुळीत’ हा शब्द घ्यावा. मराठीत त्याला किळसेचा वास आहे. वस्तुतः बेडकाच्या अंगावरील तो चिकट थर हे त्याच्या आरोग्याचे पहिले लक्षण होय. बेडूक त्वचेवाटे पाणी शोषतो, क्षारांची देवघेव करतो, काही अंशी श्वासही घेतो. त्वचा खरखरीत झाली, तिच्यावर धुरकट पांढुरके डाग उमटले किंवा कापसासारखी लव दिसू लागली, तर दुखणे सुरू झाले असे समजावे.

‘कात टाकणे’ या प्रयोगाने याहून अधिक फसगत होते. मराठीत कात टाकतो तो साप, आणि लक्षणेने कात टाकणे म्हणजे नवा तजेला येणे. बेडूकही ठराविक काळाने वरची त्वचा सोडतो व पुष्कळदा ती गिळून टाकतो. हे पाहून नवखा पाळणारा घाबरतो, पण त्यात घाबरण्याजोगे काही नाही. याउलट, त्वचेच्या चिंध्या अंगाला लोंबत राहिल्या आणि दिवसामागून दिवस पाण्यात तरंगू लागल्या, तर तो तजेला नव्हे. पाण्याचा दोष, परोपजीवी कृमी वा बुरशी यांपैकी काहीतरी त्यामागे असते.

‘फुगणे’ या क्रियापदावर इसापनीतीची छाया आहे. बैलाशी स्पर्धा करणारी ती बेडकी मनात इतकी पक्की बसली आहे की बेडूक फुगला म्हणजे त्याने भरपेट खाल्ले, असा समज सहज होतो. जेवणानंतरचा फुगवटा उतरतो. परंतु मांड्या व पोट पाण्याने भरल्यासारखे दिसू लागले, बेडकाला तळाशी जाता येईना, तर तो जलोदर होय. तो बहुधा आतील अवयवांचा वा जंतुसंसर्गाचा परिणाम असतो.

आणि ‘निपचित’? गाय निपचित पडली तर अनर्थ. पण पाणबेडूक निरोगी असतानाही तासन् तास तळाशी निश्चल बसतो, खुजा बेडूक तर हातपाय पसरून पृष्ठभागावर तरंगतो. तेव्हा निश्चलता हे लक्षणच नव्हे. टाकीजवळ हालचाल केली असता तो चटकन बुडी मारतो की नाही, समोर आलेले अन्न पुढच्या पायांनी तोंडात ढकलतो की नाही, हे पाहावे. भाषेत ध्वनीचे मूल्य इतर ध्वनींशी असलेल्या भेदावरून ठरते. येथेही तसेच आहे. बेडकाचे आजचे वागणे कालच्याहून वेगळे झाले, तेवढ्याच बाबतीत ते अर्थपूर्ण होते. जो पाळणारा रोज पाहत नाही, त्याला लक्षणांची यादी पाठ असूनही काही कळणार नाही.

पोटाखाली व मांड्यांवर लालसर ठिपके पसरणे हे मात्र निःसंदिग्ध लक्षण आहे. रक्तात जंतू शिरल्याची ती खूण असते व तेथे विलंब चालत नाही. अशा बेडकाला ओल्या, साबण न लागलेल्या हातांनी वेगळ्या पात्रात ठेवावे, पाण्यातील अमोनिया व क्लोरीन तपासावे आणि पशुवैद्य गाठावा. माशांसाठी विकली जाणारी तांबेयुक्त औषधे बेडकाला घातक ठरतात, म्हणून घरगुती उपचाराचा मोह टाळलेला बरा.

तथापि या सर्व निरीक्षणाला एक मर्यादा आहे. कायट्रिड या बुरशीला १९९९ साली शास्त्रीय नाव मिळाले, तेही वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातील पाळीव बेडकावरून. ती त्वचेत वाढते, रक्तातील क्षार घटवते व अखेर हृदय थांबवते. उत्तर सह्याद्रीतील तीन जातींच्या बेडकांत तिचा आशियाई प्रकार आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी या जातीच्या त्वचेवर जखमा, तपकिरी झाक व सोलवटलेपण दिसले. उरलेल्या दोन जातींच्या बाधित बेडकांत बाह्य लक्षण एकही नव्हते. झेनोपसही ही बुरशी स्वतः आजारी न पडता वाहून नेऊ शकतो. म्हणजे येथे वाचण्यासारखे चिन्हच नाही. आणि चिन्ह नसणे म्हणजे रोग नसणे नव्हे.

राळेगणसारख्या गावाचा संबंध येथे येतो. पाझर तलाव व नालाबांध यांमुळे तेथे साठलेल्या पाण्यात, भ्याल्यावर पृष्ठभागावरून टप्पे घेत पळणाऱ्या बेडकासारख्या देशी जाती राहू शकतात. सुमारे २८ अंशांवर या बुरशीची वाढ खुंटते, त्यामुळे उन्हाळा तिला मानवत नाही. परंतु तलावांत पाणी असते ते पावसाळ्यात व हिवाळ्यात, आणि तोच काळ तिला अनुकूल. शहरातून आणलेला बेडूक नकोसा झाला म्हणून गावच्या तलावात सोडणे हे दिसायला भूतदयेचे कृत्य आहे, पण ते करू नये. त्याच्या टाकीतील पाणीही ओढ्यात ओतू नये. क्लोरीनयुक्त विरंजक मिसळून, काही वेळ तसेच ठेवून, मगच ते मोरीत सोडावे. जाळी व दगड पूर्ण सुकवावेत.